घरी जाऊन स्वयंपाक करून देण्याचा व्यवसाय: दर ताटावर की फेरीवर?

कढीपत्ता_४११०३८
कोथरूड, कर्वेनगर, बाणेर या पट्ट्यात 'पर्सनल शेफ' म्हणून काम सुरू करायचं ठरतंय. केटरिंग नाही, डबाही नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्यांच्याच ओट्यावर रांधायचं, ओटा पुसून निघायचं. दोन प्रकार डोक्यात आहेत.

एक, नोकरी करणाऱ्या जोडप्यांकडे आठवड्यातून दोनदा जाऊन फ्रिजमध्ये राहतील असे चार-पाच पदार्थ करून ठेवणे. दोन, घरगुती जेवणावळ, ६ ते १२ माणसं.

१२ जणांचा नमुना मेनू असा: कोथिंबीर वडी, मटकीची उसळ, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, पुरणपोळी, कटाची आमटी, ताक. दर ताटाला ६०० रुपये, किराणा माल त्यातच.

प्रश्न: हा दर बरोबर आहे का? परवाना लागतो का? आणि बरोबर काय काय न्यायचं?

तवा_तापला
दराआधी मेनूकडे बघा. १२ जणांना माणशी अडीच धरल्या तर ३० पुरणपोळ्या. एका तव्यावर एक पोळी तीन मिनिटं, म्हणजे दीड तास एक शेगडी फक्त पोळ्यांना गेली. उरलेल्या तीनवर वड्या तळायच्या, भात, आमटी, वांगी. घरात चार शेगड्या असतीलच असंही नाही, तीन-शेगडी ओटे भरपूर आहेत. गरमागरम वाढायचा बेत असेल तर बाराव्या पाहुण्याची पोळी दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवा.

चिमूटभर
वाचतेय. धागा चांगला आहे.

उगाच_एक
म्हणजे पोळीवाल्या मावशीच की. फक्त एप्रन काळा आणि नाव इंग्रजी. :)

पाटावरवंटा
@उगाच_एक, मावशींना कमी लेखू नका. कणीक भिजवण्यापासून ४० पोळ्या पाऊण तासात हातावेगळ्या करणं हे कौशल्य शेफच्या कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. फरक जबाबदारीचा आहे. मावशींना 'आज काय करू' हे घरचे सांगतात. शेफने मेनू सुचवायचा, माल आणायचा, वेळेवर वाढायचं, आणि कुणाचं पोट बिघडलं तर उत्तरही द्यायचं.

@कढीपत्ता, पोळ्यांसाठी अशाच एखाद्या मावशींना मदतनीस म्हणून घ्या आणि त्यांचे पैसे हिशेबात आधीच धरा.

पळीपंचपात्र
मापं देऊन ठेवते, उपयोगी पडतील. कच्च्या मालाची, मोठ्या माणसांच्या जेवणाची.

मसालेभाताला, पोळी सोबत असेल तर, माणशी ७० ते ८० ग्रॅम तांदूळ. १२ जणांना १ किलोत निभावतं, उघड्या पातेल्यात जुन्या तांदळाला दुप्पट पाणी. मटकी ५०० ग्रॅम. मोड आल्यावर वजन साधारण दुप्पट होतं. वांगी माणशी दोन लहान, पण चार जास्त घ्या, किडकी निघतातच. साधी पोळी असेल तर १ किलो कणकेला ६०० ते ६५० मिली पाणी, ४० ग्रॅमची लाटी धरली की ४० पोळ्या.

पुरणाला १ किलो हरभऱ्याची डाळ, १ किलो गूळ. पोळीमागे ९० ग्रॅम पुरण भरलं तर ३०च्या आसपास पोळ्या. डाळ दाणा मोडेल इतकी शिजवा, पण गाळ होऊ देऊ नका, आणि कट पूर्ण निथळू द्या. इथेच घाई होते. डाळीत पाणी राहिलं की गूळ घातल्यावर ते पातळ होतं, आटवायला दुप्पट वेळ लागतो आणि मग लोक कंटाळून लवकर उतरवतात. डाव पुरणात मधोमध उभा राहिला पाहिजे. कलला तर ती पोळी तव्यावर फुटणार, आणि फुटलेलं पुरण जळून पुढच्या चार पोळ्यांना काळे डाग देणार. मधे तवा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा तो त्यासाठीच.

कोकमआगळ
भर घालतो: पुरण परक्या घरी आटवू नये. बऱ्याच सोसायट्यांत पाइप गॅस असतो आणि त्याची आच सिलिंडरच्या सवयीने बघितली तर मंद वाटते. घरी ४० मिनिटांत होणारं पुरण तिथे तासभर घेतं. आदल्या दिवशी करून डब्यात न्यावं, तिथे फक्त लाटून भाजावं.

हिशेबनीस
कोकमआगळ यांचा सल्ला स्वयंपाकाच्या दृष्टीने बरोबर, पण त्याने परवान्याचा प्रश्न बदलतो. पुरण घरून करून नेलं की तुमचं घरचं स्वयंपाकघर हीसुद्धा धंद्याची जागा झाली.

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये 'अन्न व्यवसाय' याच्या व्याख्येत केटरिंग सेवा स्पष्ट धरलेली आहे. त्यामुळे 'मी तर त्यांच्याच घरी करतो' या वाक्यावर विसंबू नका, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून टाका. छोट्यांसाठी नोंदणी आणि मोठ्यांसाठी परवाना अशी विभागणी आहे. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नोंदणी, वर्षाला १०० रुपये, ही कित्येक वर्षांची चौकट होती. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा मात्र बघून घ्या. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर घरबसल्या होतो, फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. एजंट यासाठी हजारो रुपये सांगतात. देऊ नका.

स्वच्छतेच्या नियमांत अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर (टायफॉइड) गटाच्या रोगांची लस सांगितलेली आहे. ती मदतनिसालाही लागू. खर्च फार नाही, आणि दाखला मोबाइलमध्ये ठेवला की बंगल्यातल्या गिऱ्हाइकाचा निम्मा संशय जातो.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत चालू खातं काढायला तो कागद उपयोगी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे. जीएसटी सेवेला २० लाखांपुढे, तोवर चिंता नको. पैसे यूपीआयने घ्या. प्राप्तिकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरतात, रोखीवर ८.

आणि एक. घरी काही करणार असाल तर १४.२ किलोचं लाल घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं.

तवा_तापला
हिशेबनीस यांनी कागद सांगितले, मी पिशवी सांगतो.

सुऱ्या तीन: आठ इंची मोठी, एक छोटी, एक करवतीच्या पात्याची. लोकांच्या घरातल्या सुऱ्यांनी टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. विळी नेऊ नका, परक्या घरी लहान मुलं फिरत असतात. डिजिटल वजनकाटा. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर. चिरायच्या दोन पाट्या, कांदा-लसूण-मांसाची वेगळी. स्वतःचा बिडाचा तवा. आठ-दहा सुती फडकी. मास्किंग टेप आणि मार्कर. लायटर, कारण अर्ध्या घरांतला चालत नाही. आणि बिल्डिंगच्या फाटकावर दाखवायला ओळखपत्र, नाहीतर वॉचमन 'डिलिव्हरी का?' विचारून खालीच थांबवतो.

मिक्सरचं भांडं एकटं नेऊन उपयोग नाही, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बसत नाही. न्यायचा तर पूर्ण मिक्सर. पहिल्या फेरीआधी फोनवर विचारायचे प्रश्न लिहून ठेवा: शेगड्या किती, गॅस पाइपचा की सिलिंडर, की इंडक्शन? फ्रिजमध्ये एक अख्खा कप्पा रिकामा मिळेल का? इंडक्शन असेल तर लोहचुंबक न्या, बुडाला चिकटला नाही तर ते भांडं बाजूला. साधी हिंडालियमची कढई तिथे तापतच नाही आणि माणूस दहा मिनिटं बटणं दाबत बसतो.

पळीपंचपात्र
कुकरचं राहिलं. 'तीन शिट्ट्या' हे माप फक्त आपल्या घरच्या कुकरचं असतं. दुसऱ्याच्या कुकरची रिंग सैल असेल तर वाफ कडेने जाते, शिटी होतच नाही, आणि आत डाळ करपते. वाफ नीट धरली की आच बारीक करून मिनिटं मोजा. तुरीची डाळ भिजवलेली असेल तर ८ ते १० मिनिटं. पहिलं काम म्हणजे रिंग काढून ताणून बघणे. कडक झाली असेल तर तो कुकर वापरू नका, पातेल्यात शिजवा.

मीठही चमच्याने नको, चमचे घरोघरी वेगळे. शिजलेल्या पदार्थाच्या वजनाच्या पाऊण ते एक टक्का. ३ किलो भाताला २२ ते ३० ग्रॅम. आणि कोशिंबिरीत मीठ वाढायच्या क्षणी, आधी घातलं तर काकडी पाणी सोडून तिचं पन्हं होतं.

कढीपत्ता_४११०३८
बापरे, एवढं! सर्वांचे आभार. फ्रिजमध्ये ठेवायच्या पदार्थांबद्दल कुणी सांगेल का? पाच पदार्थ, चौघांचे, तीन दिवस पुरतील असे.

मोहरी_तडतड
यात सगळ्यात जास्त चुका थंड करताना होतात. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. मोठ्या पातेलीभर उसळ झाकून ओट्यावर ठेवली तर मधला भाग चार-पाच तासांनीही कोमटच असतो. आणि तीच गरम पातेली फ्रिजमध्ये ढकलली तर शेजारचं दूधही कोमट होतं.

पद्धत अशी: पदार्थ उतरला की परातीत किंवा पसरट डब्यात दोन इंचांपेक्षा कमी थर करून ओता. सिंकमध्ये बर्फाचं पाणी, त्यात परात, ढवळत राहा. दोन तासांत २१ अंशांखाली आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांखाली गेलं पाहिजे. थर्मामीटर त्यासाठी. बर्फ गिऱ्हाइकाकडे नसतो, दोन किलोची पिशवी बरोबर न्या. टेपवर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ आणि 'कधीपर्यंत' लिहून डब्याला चिकटवा. खाताना पुन्हा ७५ अंशांपर्यंत, म्हणजे कडेने नव्हे तर मधोमध वाफा येईपर्यंत गरम करायचं, हेही लिहा.

भात या यादीतून काढून टाका. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात त्यांनी ताजा लावावा, कुकरला वीस मिनिटं लागतात.

टिकणारे: उसळी, राजमा, छोले, कांदा-खोबऱ्याचं वाटण, दाण्याचं कूट लावलेल्या सुक्या भाज्या. न टिकणारे: फ्रीजरमध्ये गेलेला बटाटा (भुसभुशीत होतो), कढी (गरम करताना फाटते), नारळाच्या दुधाची सोलकढी. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून ठेवा, तळणं त्यांचं ते करतील.

उगाच_एक
दोन किलो बर्फ घेऊन बाणेरच्या लिफ्टमधे. वॉचमनला आता खात्रीच पटेल की पार्टी आहे.

लंडनची_भाकरी
इथे यूकेत हेच काम करायचं तर स्थानिक कौन्सिलकडे धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी, तीही फुकट. पण खरी कसरत अ‍ॅलर्जीची. १४ पदार्थांची सक्तीची यादी आहे आणि त्यात शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांच्याबरोबर मोहरीसुद्धा आहे. म्हणजे मराठी स्वयंपाकाचा कागद फोडणीपासूनच भरायला लागतो. पुण्यात सक्ती असो नसो, प्रत्येक जेवणाआधी लेखी विचारा. आपल्याकडे कूट कशात नसतं?

मोहरी_तडतड
+१. आणि हिंग! बाजारातल्या डबीतला हिंग बांधणी असतो, त्यात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. गव्हाचं वावडं असलेल्या पाहुण्यासाठी ज्वारीची भाकरी केली, पण फोडणीत तोच हिंग गेला तर सगळं मुसळ केरात. डबीवरची यादी वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो. भाकरी त्याच परातीत थापू नका जिच्यात सकाळी कणीक मळली.

पाटावरवंटा
जैन मंडळी असतील तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं बंद, आणि जेवण सूर्यास्ताआधी. म्हणजे तुमची फेरी दुपारी दोनला सुरू. उपासाचं जेवण असेल तर हळद, मोहरी, हिंग नाही. कोथिंबीर आणि जिरं चालतं की नाही यावर दोन सख्ख्या जावांचं एकमत नसतं, त्यामुळे नियम गृहीत धरू नका, त्या घरच्या ज्येष्ठ बाईंना विचारा.

कोकमआगळ
मासे कुणी काढलेच नाहीत. :( मेनूत सुरमई ठेवणार असाल तर १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा बाजारात येतो तो बर्फातला किंवा बाहेरून आलेला. 'ताजी सुरमई' असं त्या दोन महिन्यांत लिहून देऊ नका. दीड किलोची अख्खी सुरमई घेतली तर डोकं, शेपूट, पोट जाऊन तुकड्या हाती येतात साधारण एक किलो. भाव किलोला सांगतात तो अख्ख्या माशाचा. अंदाजपत्रक तिथेच चुकतं.

आणि 'आमच्याकडे चालतं, पण भांडी वेगळी' हे वाक्य बऱ्याच घरांत निघतं. स्वतःची एक कढई आणि पातेलं गाडीत असू द्या.

चिमूटभर
मासळी, हिंग, वॉचमन... दर राहिला बाजूला. :)

हिशेबनीस
येतो दराकडे. तुमच्याच आकड्यांवर.

१२ जण × ६०० = ७,२००. माल ताटाला १५० धरला तर १,८००. मदतनीस १,०००. येणं-जाणं ४००. उरले ४,०००. आता तास: मेनू ठरवायचे फोन अर्धा, मंडई दीड, प्रवास एक, रांधणं साडेचार, वाढणं दीड, भांडी-ओटा एक. झाले दहा. ताशी ४००.

तोच दर ६ जणांना लावा. ३,६०० मिळाले. माल ९००, प्रवास ४००, मदतनीस नको. उरले २,३००. तास मात्र अर्धे होत नाहीत. मंडईत सहा वांगी निवडायला आणि बारा निवडायला सारखाच वेळ लागतो. साडेआठ तास धरा. ताशी २७०.

तुम्हाला चौकशा सहा-आठ जणांच्याच जास्त येणार, बारा जण असले की लोक केटररकडे जातात. म्हणजे ताटावरचा दर जिथे तुम्ही जास्त काम करणार तिथेच मार खातो. शिवाय माल दरात धरला की भाव तुमच्या डोक्यावर. टोमॅटो २० वरून ८० ला गेला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? म्हणून दर फेरीला, म्हणजे एकदा घरी जाण्याला लावा आणि माल वेगळा ठेवा.

तवा_तापला
माल वेगळा ठेवण्याला अनुमोदन, पण त्यात एक गोम आहे. बिलं दाखवली की लोक बिलावर भांडतात. 'हिंग अख्खी डबी का घेतली, उरलेली कुठे?' तेल, मीठ, हळद, तिखट, हिंग, मोहरी, साखर हे त्यांच्या घरातलं वापरायचं असं आधीच ठरवा, बाकी पावतीनुसार. उरलेला माल आणि उरलेलं अन्न त्यांचं, हेही लिहा. स्वतःच्या डब्यात काही भरून नेऊ नका, दिलं तरी.

पाटावरवंटा
उचल निम्मी, तारीख पक्की करतानाच. माणसांचा आकडा ४८ तास आधी बंद. मेनू तीन दिवस आधी बंद, कारण मटकीला मोड यायला दीड-दोन दिवस लागतात आणि 'उद्या मटकीऐवजी वाल करा' हे वालांना कळत नाही, त्यांना मोड आणून वर सोलायचेही असतात. जेवणाला ४८ तासांपेक्षा कमी उरले असताना रद्द केलं तर उचल परत नाही. हे सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप निरोपात लिहा आणि 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय मंडईत जाऊ नका.

कढीपत्ता_४११०३८
सगळं वाचून पुन्हा मांडतो.

फेरीचे ४,०००, त्यात ६ जणांपर्यंत. पुढे माणशी ३५०. माल पावतीप्रमाणे, फोडणीचं सामान घरचं. १२ जणांना ६,१०० + माल. मदतनीस नऊ किंवा जास्त माणसं असतील तरच. पुरणपोळी मेनूतून काढली, त्याऐवजी श्रीखंड. चक्का आणि साखर सारख्या वजनाने, तिथेच मिसळायचं. पोळ्या साध्या, मदतनीस मावशी असतील तेव्हा त्यांच्या हातच्या. पहिले तीन महिने घरून काहीही शिजवून नेणार नाही. एफएसएसएआयचा अर्ज आज भरला.

हिशेबनीस
६ जणांना ४,०००मधून प्रवास वजा जाता साडेआठ तासांना ३,६००, ताशी ४२३. बाराला मदतनीस आणि प्रवास वजा जाता ४,७००, ताशी ४७०. आता दोन्ही टोकं जवळ आली. आठ जणांचं मदतनिसाशिवाय जमतंय का तेवढं एकदा घड्याळ लावून बघा.

पळीपंचपात्र
पुरणपोळी काढली तर कटाची आमटीही गेली. कट कुठून आणणार? साधी चिंचगुळाची करा.

कढीपत्ता_४११०३८
अरे हो! दुरुस्त केलं.

तवा_तापला
आणि मावशींना त्यांचा स्वतःचा पोलपाट आणायला सांगा. लोकांकडचे डुगडुगतात.